दोन वह्या

मंडळाच्या मदतकार्याची वही अजून माझ्याच कपाटात आहे. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची, दिवाळीत व्यापारी लक्ष्मीपूजनाला मांडतात तसली. तिच्या शेजारी दुसरी वही आहे ती बायकोची, खोल्यांच्या भाड्याची. दोनशेपानी, शाळेची, मागच्या पुठ्ठ्यावर पाढे छापलेली. आमचं मंडळ दर जूनमध्ये जिल्हा परिषदेच्या शाळेत वह्या वाटतं, त्यातली उरलेली एक मी कधीतरी घरी आणली होती. खजिनदारानं असं करू नये. केलं होतं खरं.

2020 च्या एप्रिलमध्ये एका रात्री या दोन्ही वह्या मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर उघडून बसलो होतो. पण त्याआधी गाव सांगायला हवं, नाहीतर गोष्ट कळायची नाही.

पुण्याकडून येताना नीरेचा पूल ओलांडला की सातारा जिल्हा लागतो, आणि जिल्ह्याचं पहिलं गाव म्हणजे आमचं शिरवळ. तालुका खंडाळा, पण बाजारपेठ म्हणाल तर ती आमच्याकडं. सुभानमंगळ किल्ल्याचे अवशेष आहेत, एक जुनी दगडी पाणपोई आहे. वाटसरूंसाठी कुणीतरी कैक पिढ्यांपूर्वी ती बांधली. म्हणजे गाव पहिल्यापासूनच वाटेवरचं. आता त्या वाटेचा चौपदरी, सहापदरी हायवे झाला आणि केसुर्डी, धनगरवाडी, विंग, शिंदेवाडी अशा सगळ्या पट्ट्यात कारखाने आले. कुठं रंग तयार होतो, कुठं फ्रीज, कुठं औषधांच्या कॅप्सूलची टरफलं, कुठं सूतगिरणीची यंत्रं. कारखान्यांत कायम कामगार थोडे आणि ठेकेदाराची माणसं जास्त. ही माणसं बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशा, मध्य प्रदेशातून येतात, तशीच लातूर-नांदेडहून, यवतमाळहूनही येतात. त्यांना राहायला जागा लागते. मग आम्ही शिरवळकरांनी खोल्या बांधल्या.

ज्याची जमीन गेली त्यानं बांधल्या, ज्याची राहिली त्यानंही बांधल्या. दहा बाय दहाची खोली, वर पत्रा, आठ खोल्यांना दोन संडास, एक टाकी, भिंतीवर ओळीनं सबमीटर. मी एका पतसंस्थेत बत्तीस वर्षं रोखपाल होतो. निवृत्तीच्या आधी कर्ज काढून घरामागं अशाच आठ खोल्या काढल्या. भाडं अडीच हजार, वीज वेगळी. एका खोलीत माणसं किती, हे मालकानं विचारायचं नाही आणि भाडेकरूनं सांगायचं नाही, असा इथला शिरस्ता. वहीत एका खोलीला एकच नाव असतं. ज्यानं पहिल्या दिवशी अनामत दिली त्याचं.

22 मार्चच्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता आम्ही गच्चीवर उभं राहून थाळ्या वाजवल्या. मागच्या खोल्यांतली पोरंही वाजवत होती, आमच्यापेक्षा जोरात. तोवर राज्यात साथरोग कायदा लागू होऊन नऊ दिवस झाले होते. सोमवारी जिल्ह्याच्या सीमा बंद झाल्या, नीरेच्या पुलावर पोलिसांचे बॅरिकेड लागले. बुधवारी गुढीपाडवा. गुढ्या उभारल्या, पण साखरेच्या गाठी कुणाला मिळाल्या, कुणाला नाहीत. त्या सणाच्या दिवशी हायवे इतका शांत होता की नदीकाठच्या टिटव्या घरात ऐकू येत होत्या. मी साठ वर्षं याच गावात काढली, हायवे गप्प बसलेला कधी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून त्या रिकाम्या हायवेवर माणसं दिसायला लागली. चालत. पुण्याकडून कोल्हापूर, कर्नाटककडं जाणारी आणि सातारा-सांगलीकडून वर उत्तरेकडं निघालेली, दोन्हीकडची. डोक्यावर बोचकी, ट्रॉलीबॅगेवर झोपलेलं पोर. एक मनुष्य प्लॅस्टिकची रंगाची बादली घेऊन चालला होता, तिच्यात त्याची थापी आणि ओळंबा. घर सोडताना माणूस काय उचलतो बघा. पुलावर अडवतात म्हणून काहीजण नदीत उतरून पलीकडं जायचे. उन्हाळा लागला होता, पाणी कमी होतं, एवढंच नशीब.

आमचं मंडळ तसं गणेशोत्सवाचं. पण बरीच वर्षं धर्मादाय आयुक्तांकडं नोंद आहे, दरसाल हिशेबतपासणी होते, रक्तदान, वह्यावाटप, एखादं नेत्रशिबिर असं चालू असतं. अध्यक्षाचे टेम्पो आहेत. एक किराणावाले शेठ, दोन मास्तर, एक मेडिकलवाला आणि दहा-बारा पोरं. ज्यांच्या मोटरसायकलींचा एरवी गावाला वैताग, तीच पोरं त्या दिवसांत देवासारखी उपयोगी पडली. 27 तारखेला मैदानात एकमेकांपासून हात-हात लांब उभं राहून बैठक झाली. गणपतीच्या शिलकीतून सुरुवात करायची ठरलं. कुणीतरी म्हणालं, या वर्षी डेकोरेशन नको. पुढं जुलैमध्ये सरकारनंच सार्वजनिक मूर्तीला चार फुटांची मर्यादा घातली, तेव्हा तो प्रश्न आपोआप मिटला.

पहिले चार दिवस आम्ही हायवेवर पुरीभाजीची पाकिटं वाटली. चालणाऱ्या माणसाला पुरीभाजी द्यायची नसते हे आम्हाला उशिरा कळलं. तहान लागते, पोट बिघडतं, आणि संध्याकाळपर्यंत भाजी आंबते. मग पोळी-चटणी, गूळ-शेंगदाणे, केळी आणि पाण्याची बाटली असं सुरू केलं. पायाला फोड आलेले असत म्हणून मेडिकलवाल्यानं मलम आणि पट्ट्या आणल्या. चपला मात्र कुठंच मिळेनात, दुकानं बंद. शेवटी घराघरांतून जुन्या चपला गोळा केल्या. रस्त्याकडेला आम्ही चपलांचा ढीग मांडला होता, नंबरनुसार. देवळाबाहेर असतो तसा, फक्त इथं नेणाऱ्याला कुणी चोर म्हणत नव्हतं.

पुढं निवारा शिबिरं झाली, चालणारे कमी झाले, आणि काम गावात वळलं. तेव्हा ‘किट’ हा शब्द आला. मराठीत याला शिधा म्हणतात. दोन वर्षांनी सरकारनं दिवाळीला शंभर रुपयांत रवा, साखर, डाळ, तेल दिलं तेव्हा तो शब्द पुन्हा बाहेर काढला, ‘आनंदाचा शिधा’ म्हणून. आम्हाला मात्र तेव्हा किटच सुचलं. पाच किलो गव्हाचं पीठ, दोन किलो ज्वारी, एक किलो तांदूळ, तूरडाळ, तेल, मीठ, तिखट, चहा-साखर, साबण. हे आमच्या घरातलं वाणसामान होतं. ओडिशाच्या पोरांनी ज्वारी हातात घेऊन वासच घेतला. एकानं विचारलं, ‘ये चिड़िया का है?’ शेठ चिडले. मला हसू आलं आणि लाजही वाटली. तांदूळ पाच किलो केला, ज्वारी काढली, मोहरीचं तेल मिळेल तेवढं आणलं.

पण पीठ-तांदळाच्या आधी एक अडचण होती, तिचा विचार आमच्यापैकी कुणीही केला नव्हता. गॅस. खोल्यांतली माणसं पाच किलोचा छोटा सिलिंडर वापरतात आणि तो दुकानातून किलोच्या हिशेबानं भरून आणतात. ती दुकानं बंद. म्हणजे शिधा आहे आणि शिजवायला काही नाही. दुसरी मागणी रिचार्जची. ती ऐकून आमच्यातल्या दोघातिघांच्या भुवया चढल्या. अन्नाला महाग आणि मोबाईल कशाला? मीही त्यातलाच. मग एका पोरानं समजावलं: ठेकेदार काम सुरू करतो का ते फोनवरच कळणार, गावाकडून पैसे आले तर फोनवरच कळणार, गाडी सुटणार असेल तर तेही त्यावरच. माझ्या वहीत 4 एप्रिलला ‘रिचार्ज, 49 चे 30’ अशी नोंद आहे. पुढं हिशेबतपासनिसानं त्या नोंदीवर पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलं होतं. मी त्याला पुण्याच्या फोनवर अर्धा तास समजावलं. शेवटी तो म्हणाला, ‘संकीर्णमध्ये टाका.’

फोटोंचं सांगायला हवं. सुरुवातीला आम्हीही काढले. देणगीदार मागायचे, मंडळाच्या ग्रुपवर टाकले की वर्गणी वाढायची, हा सरळ हिशेब. एकदा एका खोलीपाशी एका बाईला किट देताना पोरानं मोबाईल वर केला, तशी तिनं एका हातानं पिशवी धरली आणि दुसऱ्या हातानं ओढणी डोळ्यांपर्यंत ओढली. फोटोत नुसती पिशवी आणि ओढणी आली. पिशवीवर मंडळाचं नाव छापलेलं, ते मात्र स्पष्ट. रात्री अध्यक्षानं तो फोटो ग्रुपवरून काढून टाकला आणि म्हणाला, उद्यापासून बंद. एका मोठ्या देणगीदारानं त्यावर पुढचा हप्ता दिला नाही. त्याचं नाव वहीत आहे, इथं कशाला.

याद्या कशा केल्या? शिरवळात कुणाकडं रेशनकार्ड आहे, कुणाचं केशरी, कुणाचं पिवळं, हे दुकानदाराला पाठ. रेशनवर एप्रिलपासून माणशी पाच किलो मोफत तांदूळ आला. म्हणून कार्डवाल्यांना आम्ही दुसऱ्या फेरीत ठेवलं. बिनकार्डवाल्यांसाठी गावाचे भाग पाडले, प्रत्येक पोराकडं एक भाग. आशाताई घरोघर ताप तपासत फिरत होत्या, त्यांच्याकडून खूप कळायचं. कुठं बाळंतीण आहे, कुठं म्हातारा एकटा आहे, कुणाच्या बीपीच्या गोळ्या संपल्यात. एक आशाताई तर आमच्या याद्या बघून म्हणाली होती, ‘दादा, तुमच्या यादीत घरं आहेत, माणसं नाहीत.’ तेव्हा मला ते वाक्य नुसतंच चमकदार वाटलं होतं. वहीच्या कोपऱ्यात लिहूनही ठेवलं.

तर ती रात्र. तारीख 12 किंवा 13 एप्रिल असावी, कारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीची आंबेडकर जयंती यंदा घरातच साजरी करायची असं बोलणं चाललं होतं. मी दिवसभर वाटप करून साडेआठला घरी आलो. कपडे बाहेरच काढले, गरम पाण्यानं आंघोळ केली, जेवायला बसलो. बायकोनं वाढलं आणि सहज सांगावं तसं म्हणाली, ‘मागं दोन दिवस फोडणीचा वास नाही.’

मला आधी समजलंच नाही. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी खोल्यांच्या बाजूला आहे. एरवी आठ खोल्यांचा आठ तऱ्हेचा वास येतो, त्यावरून ती त्यांच्या घरी काय शिजलं ते ओळखते. ती पुढं म्हणाली, ‘सहा नंबरवाल्याला विचारलं. म्हणाला, भाभी, बिस्कुट है. दोन दिवस बिस्किटावर आहेत ती पोरं. तुम्ही गावभर वाटत फिरताय म्हणून मला वाटलं, मागं दिलंच असेल.’

मी ताट सारलं आणि लाल वही काढली. आमची आळी ज्या पोराकडं होती त्याची यादी पाहिली. शेजारच्या चाळी होत्या, कोपऱ्यावरच्या खोल्या होत्या. माझ्या नव्हत्या. त्याला फोन लावला. तो बिचारा गोंधळला. ‘काका, तुमच्या खोल्या तुम्ही बघितल्या असणार असं वाटलं. खजिनदारांच्या घरी किट नेऊन कसं द्यायचं?’ खरंच, कसं द्यायचं? मग बायकोची वही काढून तिच्याशी ताडून बघितली. आठ खोल्या, आठ नावं. त्या आठपैकी तीन नावांची माणसं केव्हाच खोली सोडून गेली होती. त्यांच्या जागी त्यांचे भाऊबंद, गाववाले राहत होते आणि भाडं त्याच नावानं चालू होतं. आत प्रत्यक्ष किती आणि कोण, ते आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. पाच वर्षं दर महिन्याच्या सात तारखेला ज्यांच्याकडून पैसे मोजून घेतले, त्यांची नावं मला येत नव्हती.

त्या रात्री पावणेदहाला मी मास्क लावून मागं गेलो. अंतर वीस पावलांचं. आठ खोल्यांत एकोणतीस माणसं निघाली. दोन बायका, एक तान्हं. ठेकेदाराचा फोन 25 मार्चपासून बंद. केंद्र सरकारनं 29 मार्चला आदेश काढला होता की कामगारांचा पगार कापू नये, आणि त्यांच्याकडून महिनाभर भाडंही मागू नये. पगाराचं त्यांना माहीत होतं, कुणीतरी मोबाईलवर दाखवलं होतं. भाड्याचंही माहीत होतं. त्याबद्दल माझ्यासमोर कुणी चकार शब्द काढला नाही. मी 7 एप्रिलला भाडं मागितलं नव्हतं हे खरं, पण ‘मागत नाही’ असंही सांगितलं नव्हतं. ती पोरं म्हणून माझ्या समोर यायचं टाळत होती. मंडळाचा टेम्पो दारात उभा असायचा, त्यातून पोती उतरायची, त्यांना खिडकीतून दिसायचं. मागायला आलं तर भाड्याची आठवण होईल, म्हणून मागितलं नाही. हे मला त्या रात्री कुणी सांगितलं नाही, नंतर हळूहळू लक्षात आलं.

मी टेम्पोतून आठ किट काढली आणि दिली. परत येऊन लाल वहीत लिहिलं, ‘आठ किट, माझ्या खोल्या.’ सही केली. बायको पाहत होती. म्हणाली, ‘हे वर्गणीचं झालं. यात आपलं काय गेलं?’

मी गप्प राहिलो. बोलण्यासारखं काही नव्हतं.

मग आमचा हिशेब सुरू झाला, खोल्यांच्या कर्जाचा. रिझर्व्ह बँकेनं 27 मार्चला तीन महिने हप्ते पुढं ढकलायची सवलत दिली होती. मी अर्ज केला होता. पतसंस्थेत आयुष्य गेलेल्या माणसाला कळतं की पुढं ढकललेला हप्ता म्हणजे माफी नव्हे, व्याज चालू राहतं. तरी त्या सवलतीनं मला हायसं वाटलं होतं. 17 एप्रिलला राज्याच्या गृहनिर्माण विभागानंही घरमालकांना सांगितलं की भाडेवसुली किमान तीन महिने पुढं ढकला, भाडं थकलं म्हणून कुणाला बाहेर काढू नका. गावात त्यावर चर्चा झाली. काहींनी सोडलं, काहींनी निम्मं घेतलं, काहींनी रात्री खोलीला बाहेरून कुलूप घालायची भीती दाखवली. त्या काहींत मंडळाचे वर्गणीदारही होते. मी कुणाला नावं ठेवायच्या जागी नव्हतो. आम्ही दोघांनी ठरवलं, एप्रिल, मे, जून मागायचं नाही. फक्त या वेळी मी मागं जाऊन ते तोंडानं सांगितलं. एकेका खोलीपाशी उभं राहून. हे सांगताना मला वाटलं होतं कुणीतरी आभार मानेल. कुणी मानले नाहीत. सहा नंबरवाल्यानं एवढंच विचारलं, ‘और लाइट का?’

त्यानंतर याद्या करायची आमची पद्धत बदलली. पोरांना सांगितलं, घरमालकाला विचारू नका, मालकाच्या नावावर यादी करू नका, खोलीत जाऊन माणसं मोजा. बिनकामाचा शहाणपणा वाटेल, पण दोन दिवसांत यादी जवळपास दीडपट झाली. गावातल्या सगळ्या सज्जन मालकांच्या मागच्या खोल्या रिकाम्या निघाल्या होत्या, म्हणजे आमच्या यादीत. प्रत्येकाला वाटत होतं, ते बघतीलच.

मे महिन्यात किटवाटपासाठी आम्ही खंडाळा तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवरही जात होतो. नायगाव आमच्यापासून जवळच. सावित्रीबाई फुल्यांचं जन्मगाव. दरवर्षी 3 जानेवारीला तिथं केवढी गर्दी असते, त्या मेमध्ये स्मारकाच्या दाराला कुलूप होतं आणि समोर एक कुत्रं झोपलेलं. आमच्यातल्या मास्तरांनी गाडी थांबवायला लावली. 1897 च्या प्लेगात सावित्रीबाई पुण्याजवळ, आपल्या मुलाच्या, डॉक्टर यशवंतच्या दवाखान्यात रुग्ण आणत होत्या. त्यातच प्लेग होऊन 10 मार्चला त्या गेल्या. साथरोग कायदा त्याच वर्षीचा, त्या जाण्याआधी जेमतेम महिनाभर झालेला. मास्तर म्हणाले, ‘एकशे तेवीस वर्षं झाली, कायदा तोच.’ बाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातलं एक आजारी पोर स्वतः उचलून आणलं होतं, असं सांगतात. आम्ही किट लांबूनच जमिनीवर ठेवायचो आणि दोन पावलं मागं सरायचो. तसंच करायला सांगितलं होतं, ते बरोबरही होतं. मास्तरांनी तेवढं सांगितलं आणि गाडीत बसले.

खोल्यांतली माणसं मे महिन्यात जायला लागली. 1 मेपासून श्रमिक रेल्वे सुरू झाल्या, पण त्यांचा फॉर्म, त्याला डॉक्टरांचा दाखला, त्या दाखल्यासाठी रांग. आमच्या मेडिकलवाल्यानं आणि दोन मास्तरांनी फॉर्म भरायचं टेबल मांडलं. आधारकार्डावरचं नाव एक, खोलीतलं नाव दुसरं, हाक मारायचं तिसरं. 8 मेच्या सकाळी औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर झोपलेल्या सोळा मजुरांवरून मालगाडी गेली. सगळे मध्य प्रदेशचे. आमच्या चार नंबरमधले दोघे त्याच राज्यातले आणि चालत जायचं त्यांचं ठरलेलं, पिशव्या भरलेल्या. बायकोनं ती बातमी त्यांना दाखवली नाही, नुसत्या पिशव्या आमच्या घरात आणून ठेवल्या. ‘गाडी आली की देते,’ म्हणाली. पोरं चिडली. एसटीनं राज्याच्या हद्दीपर्यंत मोफत सोडायला सुरुवात केली होती, आठवड्यानं ती एसटीनं गेली. बसमध्ये प्रत्येक सीटवर एकच जण. मोठ्या लाल बसमध्ये वीस-बावीस माणसं, एकमेकांपासून लांब बसलेली, प्रत्येकजण खिडकीतून बाहेर बघत असलेला. त्याच दिवसांत बातमी आली की बिनकार्डवाल्या मजुरांनाही माणशी पाच किलो धान्य मोफत मिळणार. आमच्याकडचे निम्मे तोवर वाटेत होते.

जाताना काहीजणांनी किल्ल्या दिल्या, काहीजण कुलूप लावून तसेच गेले. सहा नंबरमधला तो पोरगा जाताना टीव्ही ठेवून गेला. म्हणाला, भाड्यात धरा. टीव्ही जुना डबा होता, हजार रुपयेही आले नसते. मी नको म्हणालो, त्यानं ठेवलाच. मग तो कपाटावर पडून राहिला, कपडा टाकून.

आषाढी त्या वर्षी 1 जुलैला होती. माउलींच्या पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या, त्यामुळं नीरेतलं स्नान नाही, लोणंदचा मुक्काम नाही. आमच्या तालुक्यातली कित्येक घरं त्या दोन दिवसांवर जगतात, चहावाले, भेळवाले, पायपोस विकणारे. त्यांची यादी आम्ही जूनमध्ये केली. ती मात्र पहिल्या फटक्यात बरोबर झाली, कारण ती सगळी आमचीच माणसं होती.

आणि हा फरक 2021 च्या एप्रिलमध्ये फार उघडा पडला. दुसरी लाट आली ती थेट आमच्या घरांत. ऑक्सिजनच्या बेडसाठी रात्री दोनला फोन, रेमडेसिव्हिरसाठी पुण्यापर्यंत चकरा, घरी अलग राहिलेल्यांना दोन वेळचे डबे. अध्यक्षाचा टेम्पो सिलिंडर वाहू लागला. आम्ही रोज सत्तर-ऐंशी डबे पोहोचवायचो. त्या डब्यांची यादी कुणी केली? कुणीच नाही. गरजच पडली नाही. कोण आजारी, घरात किती माणसं, कुणाला तिखट चालत नाही, कुणाला मधुमेह, हे आम्हाला पाठ होतं. डब्यावर मंडळाचं नाव छापावं असं कुणाच्या मनातही आलं नाही, आणि फोटो काढायचं तर नाहीच. 2020 मध्ये आम्ही मदत केली आणि 2021 मध्ये नुसते डबे दिले. तोच टेम्पो, तीच पोरं. लाल वहीत दुसऱ्या लाटेची पानं फार थोडी आहेत. शेठनी किराणा दिला, बायकांनी पोळ्या केल्या, लिहायचं काय? मंडळातला आमचा एक जण त्या मे महिन्यात गेला. त्याच्याकडंच 2020 मध्ये आमची आळी होती.

मधली एक गोष्ट राहिली. 2020 च्या दिवाळीनंतर खोल्या पुन्हा भरायला लागल्या. बरेचसे नवे, थोडे जुने. सहा नंबरवाला आला, बरोबर धाकटा भाऊ. बायको ओसरीत भाड्याची वही घेऊन बसली होती. तीन महिन्यांचं वीजबिल एकदम आलं होतं, सबमीटर कुणी वाचलेच नव्हते, त्याची वाटणी करायचा घोळ तिच्यासमोर होता. त्यानं चप्पल बाहेर काढली आणि उभ्या उभ्या विचारलं, ‘भाभी, कितना बाकी है?’

तिनं पान उघडलं. एप्रिल, मे, जून. त्या तीन रकान्यांत आम्ही काहीच लिहिलं नव्हतं. ‘बाकी’ही नाही आणि ‘माफ’ही नाही. तिनं माझ्याकडं बघितलं. मी पेपर वर केला.

‘आधी सांग, खोलीत किती जण राहणार?’ तिनं विचारलं. ‘सगळ्यांची नावं सांग. खरी. आणि घरच्यांचा फोन नंबर.’

तो नावं सांगत गेला, ती लिहीत गेली. चार नावं, चार नंबर. एका नावाचं शुद्धलेखन तिला जमेना तेव्हा त्यानं वही हातात घेऊन स्वतःच्या अक्षरात हिंदीत लिहिलं. मग तो म्हणाला, ‘और मेरा टीवी?’

मी उठून कपाटावरून काढून दिला.